बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

घरातली सर्वांत कमी चर्चा होणारी वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी दिव्याचं बटण असं उत्तर देईन. फ्रीज आवाज करतो म्हणून आपण कुरकुरतो, पंखा हळू फिरतो म्हणून वायरमनला बोलावतो. बटणाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. रात्री झोपेतून उठलं की हात अंधारात आपोआप त्या जागी जातो, बोट दाबलं जातं आणि उजेड होतो. दिवा लागला नाही तर आपण बल्ब गेला म्हणतो, लाइट गेली म्हणतो. बटण खोटं बोललं असं आपल्या मनातही येत नाही. इतका विश्वास आपण फार थोड्या वस्तूंवर टाकतो.

मी विजेच्या जोडणीतला माणूस आहे. इमारतींच्या प्रकाशयोजनेचे आराखडे करण्यात माझी बरीच वर्षं गेली. अलीकडे लोक विचारतात, 'भिंत न फोडता बटण बसवता येईल का? तार नकोच.' बसवता येतं. बोटाएवढ्या चिकटपट्टीवर डकवलेलं बटण आज बाजारात मिळतं. पण बटणामागची तार काढून घेण्याचा हा खटाटोप सव्वाशेहून अधिक वर्षं चालला आहे. त्या खटाटोपात माणसाला विजेपेक्षा भिंतींनीच जास्त शिकवलं. त्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आधी तारेच्या बटणाविषयी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले. ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली. त्या काळातले विजेचे खटके फार ओबडधोबड असत. धातूच्या दोन पट्ट्या हाताने एकमेकींपासून दूर करायच्या, एवढंच. माणसाने त्या हळू दूर केल्या की मधल्या फटीत ठिणगी ताणली जाई आणि ती धातू खाऊन टाकी. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली यावर उपाय शोधला. त्यांनी पट्टी वेगळी करण्याचं काम माणसाच्या हाताकडून काढून स्प्रिंगकडे दिलं. तुम्ही बोट कितीही सावकाश फिरवा, एका ठरावीक बिंदूनंतर स्प्रिंग झटकन उडी मारते आणि ठिणगीला ताणायला वेळच मिळत नाही. आपण ज्याला 'खट्' म्हणतो तो आवाज त्या उडीचा. मराठीत त्याला खटका हे नाव पडलं, ते किती नेमकं आहे पाहा. जुन्या घरांत लाकडी गोल ठोकळ्यावर बसवलेले पितळी टोपीचे खटके ज्यांनी वापरले असतील, त्यांच्या बोटांना ती उडी अजून आठवत असेल.

या खटक्यामागे तार होती आणि तारेचा मोठा गुण म्हणजे ती एकाच ठिकाणी जाते. माझ्या स्वयंपाकघरातलं बटण दाबल्यावर शेजारच्या बिऱ्हाडातला दिवा लागत नाही. मध्ये भिंत आली तर तार भिंतीतून ओवून नेता येते. भिंत विटांची आहे की दगडाची, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तार काढली की या दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

हे अगदी सुरुवातीच्या काळात ज्यांनी भर सभेत करून दाखवलं, त्यांतले एक आपल्याच देशातले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली तिथल्या टाउन हॉलमध्ये एक प्रात्यक्षिक केलं. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर अध्यक्षस्थानी होते. बोस यांच्या यंत्रातून निघालेली विद्युतचुंबकीय लाट सभागृहातून निघून मधल्या खोलीतून, बोळातून तिसऱ्या खोलीत पोहोचली. वाटेत तीन भिंती होत्या आणि खुद्द अध्यक्षमहाराजांचा भरभक्कम देहही होता. पंचाहत्तर फुटांवर ठेवलेल्या उपकरणाने ती लाट ओळखली, घंटा वाजली आणि बारूद उडाली. पॅट्रिक गेडिस यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या बोस यांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. हे गेडिस म्हणजे नगररचनाकार. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख होते. मला नेहमी वाटतं, चरित्रकार इमारतींची जाण असलेला होता म्हणूनच भिंती किती आणि खोल्या किती हे त्याने नोंदवलं. दुसऱ्या कुणी नुसतं 'दूर अंतरावर' असं लिहून सोडून दिलं असतं.

पंचाहत्तर फूट म्हणजे सुमारे तेवीस मीटर. आज बिनतारी बटणं बसवणारे लोक विटांच्या भिंतींसाठी जो ठोकताळा वापरतात तो असा : वीस मीटर आणि फार तर तीन भिंती. बोस यांच्या लाटा वेगळ्या होत्या, यंत्र वेगळं होतं. तेव्हा हा योगायोगच म्हणायचा. पण इमारतीच्या आत बिनतारी संदेश पाठवताना प्रश्न काय असतो, हे त्या सभेत पुरतं उघड झालं होतं. किती अंतर, वाटेत किती भिंती, मध्ये माणसं कोण कोण.

पुढे मात्र जगाचं लक्ष समुद्राकडे गेलं. मार्कोनींनी अटलांटिक ओलांडला, जहाजांवर बिनतारी यंत्रं आली आणि तीन भिंतींपलीकडची घंटा मागे पडली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९८ साली निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या टाकीत एक छोटी होडी बिनतारी संदेशाने चालवून दाखवली. तिचे दिवेही ते दुरून लावत-विझवत. त्यांना पुढे एक शंका छळू लागली : माझ्या होडीला दुसऱ्याच कुणी हुकूम दिला तर? म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या लाटा एकाच वेळी आल्या तरच यंत्र हलेल अशी योजना केली आणि १९०३ साली तिची पेटंटं घेतली. कुलपाला दोन किल्ल्या लावाव्यात तसं ते होतं.

टेस्लांची शंका अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत खरी ठरायला अर्धं शतक लागलं. रेडिओ लांबून लावता यावा म्हणून फिल्को कंपनीने १९३९ साली 'मिस्टरी कंट्रोल' नावाची एक पेटी काढली. तिच्यावर टेलिफोनसारखी तबकडी होती आणि आत बॅटरी. नंतर टेलिव्हिजन आला. झेनिथ कंपनीने १९५० साली दिलेल्या दूरनियंत्रकाला लांबलचक तार होती आणि लोक तिच्यात पाय अडकून पडत. त्याच कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी १९५५ साली प्रकाशाच्या झोताने चालणारा नियंत्रक केला. तो बंदुकीसारखा रोखायचा. पण दुपारचं ऊन टेलिव्हिजनवर पडलं की वाहिन्या आपोआप बदलू लागत.

मग कंपनीत खल झाला. रेडिओलहरी का वापरू नयेत? उत्तर साधं होतं : रेडिओलहरी भिंतीतून जातात. अमेरिकन शहरांत बिऱ्हाडाला बिऱ्हाड लागून असतं. एकाने बटण दाबलं की शेजाऱ्याचाही टेलिव्हिजन बदलेल. विक्री विभागाची आणखी एक अट होती, ती मला फार शहाणपणाची वाटते. नियंत्रकात बॅटरी नको. बॅटरी संपली की गिऱ्हाईक बॅटरीला दोष देत नाही, टेलिव्हिजन बिघडला म्हणतं. व्हिएन्नात जन्मलेले रॉबर्ट अ‍ॅडलर हे भौतिकशास्त्रज्ञ तिथे होते. त्यांनी १९५६ साली जो नियंत्रक दिला त्यात विजेचा लवलेश नव्हता. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चार कांड्या. बटण दाबलं की एक हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर निघे. टेलिव्हिजनमधल्या सहा जादा व्हॉल्व्हना तो ऐकू येई. हा ध्वनी भिंतीपाशी थांबतो, म्हणून शेजाऱ्याला उपद्रव नाही. किल्ल्यांचा जुडगा किंवा चिल्लर खुळखुळली तर मात्र टेलिव्हिजन कधीकधी फसे. आपल्याकडे टीव्हीचे रिमोट आले तोवर इन्फ्रारेडचा जमाना सुरू झाला होता. तो किरणही भिंत ओलांडत नाही, आणि टीव्हीसाठी ते सोयीचंच आहे.

दिव्यांना हे चालत नाही. जिन्यातलं बटण खाली आणि दिवा वर असतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉदस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने वेगळीच वाट धरली. घरात विजेच्या तारा आहेतच, त्यांच्यावरूनच बारीक संदेश सोडायचा. हा त्यांचा दहावा प्रकल्प, म्हणून नाव 'एक्स-टेन'. तीन वर्षांनी तो अमेरिकन दुकानांत आला आणि हौशी लोकांनी उचलून धरला. पण तिथल्या घरात वीज दोन शाखांनी येते; एका शाखेवरचा संदेश दुसरीवर नीट पोहोचत नसे. एकूण खुणा दोनशे छप्पन्न. शेजाऱ्याची खूण आणि तुमची खूण एक निघाली की एकाच्या हुकमाने दुसऱ्याचा दिवा. शिवाय दिव्याकडून 'मिळालं' अशी पोच नाही. घरमालक दोनदा, तीनदा बटण दाबत. तार काढायला निघालेले लोक फिरून तारेवरच आले आणि तारेचा भरवसाही गमावून बसले, असं माझं मत आहे.

एक धागा इथे हवाई बेटांवरून येतो. त्या विद्यापीठातले नॉर्मन अब्रॅमसन यांना वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं रेडिओने एकाच संगणकाला जोडायची होती. वेळ कुणी कुणाला वाटून द्यायची? त्यांनी १९७१ साली 'अलोहा' नावाची यंत्रणा सुरू केली आणि सांगितलं, कुणीच कुणाला विचारू नका. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोघं एकदम बोलले आणि टक्कर झाली, तर प्रत्येकाने आपल्या मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावं. गणित सांगतं की या अशा बाजारात वेळेचा जेमतेम १८ टक्के भाग कामी लागू शकतो. संगणकांना ते कमी पडलं. पण दिव्याचं बटण दिवसातून किती वेळा बोलतं? दहा वेळा, वीस वेळा, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं. त्याला हा बाजार प्रशस्त आहे.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ साली काही लहरपट्टे परवान्याशिवाय वापरायला खुले केले. त्यात मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. तिथून वाय-फाय आलं, आणि पुढे झिगबी, झेड-वेव्ह अशी घरगुती नावं. माझ्या दृष्टीने खरी मजेची गोष्ट मात्र म्यूनिकजवळ घडली. झिमेन्स कंपनीतून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी २००१ साली एनओशन नावाची कंपनी काढली. त्यांच्या बटणात तार नाही आणि बॅटरीही नाही. बोट दाबलं की आतला चुंबक एका वेटोळ्यासमोर झटकन उलटतो आणि क्षणभर वीज तयार होते. ती किती? सुमारे दोनशे मायक्रोज्यूल. एक ग्रॅम वजन दोन सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. एवढ्या शिदोरीवर ते बटण आपला क्रमांक आणि हुकूम हवेत सोडतं; एकदा नाही, सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तीनदा, आणि दोन उच्चारांमधलं अंतर मुद्दाम अनियमित ठेवून. अलोहाचीच ती पद्धत, फक्त पोचेची वाट न पाहता. चुंबक उलटवणारी ती उडी होम्स यांच्या स्प्रिंगची आठवण करून देते. बॅटरी नको ही अट अ‍ॅडलर यांची. प्रत्येक बटणाचा क्रमांक चार अब्जांहून अधिक क्रमांकांतला एक, त्यामुळे एक्स-टेनसारखा शेजाऱ्याचा घोळ नाही.

एक उणीव मात्र आहे. असं बटण फक्त बोलतं, ऐकत नाही. ऐकायला त्याच्याकडे ऊर्जाच उरत नाही. दिव्यापाशी बसवलेल्या ग्राहकाने हुकूम ऐकला की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. त्यामुळे सगळी भिस्त बसवणाऱ्यावर येते. त्याने भिंती वाचलेल्या असल्या पाहिजेत.

भिंत वाचायची म्हणजे काय? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लाटेची ताकद चौथाईवर येते. घरात त्याशिवाय प्रत्येक भिंत आपला वाटा कापते. जिप्सम बोर्ड, कोरडं लाकूड, साधी काच जवळजवळ काहीच घेत नाहीत. तिथे तीस मीटर आणि पाच भिंतींपर्यंत हिशेब धरतात. विटांचा ठोकताळा मघाशी सांगितला. आरसीसीची भिंत किंवा स्लॅब असेल तर दहा मीटर आणि एकच अडथळा. आतल्या सळ्यांची जाळी हे त्याचं एक कारण. युरोपात अशी बटणं ८६८ मेगाहर्ट्झवर बोलतात. त्या लाटेची लांबी साधारण साडेचौतीस सेंटिमीटर. स्लॅबमधल्या सळ्या पंधरा-वीस सेंटिमीटरवर बांधलेल्या असतात. म्हणजे जाळीचं भोक अर्ध्या लाटेएवढं, आणि अशा भोकातून जाताना लाट अडखळते. धातूचा सलग पत्रा असेल तर गोष्टच संपली. लिफ्टचा बोगदा, अग्निरोधक दार, पोलादी कपाट, फॉल्स सीलिंगचे धातूचे पत्रे, आरशामागचा मुलामा, उष्णता अडवणाऱ्या काचेवरचा डोळ्यांना न दिसणारा धातूचा थर, या सगळ्यांच्या मागे सावली पडते. उन्हाची सावली दिसते, ही दिसत नाही. आपल्याकडे आणखी एक भर म्हणजे पाऊस. ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त लाट पिते. उन्हाळ्यात केलेली चाचणी श्रावणात खरी ठरेलच असं नाही.

कोनही पाहावा लागतो. तीस सेंटिमीटरची भिंत लाटेने सरळ ओलांडली तर तीसच सेंटिमीटर. पंचेचाळीस अंशांत तिरकी ओलांडली तर बेचाळीस. म्हणून नकाशावर बटण ते दिवा अशी पेन्सिलीने सरळ रेघ मारायची आणि ती भिंतीत लांबवर घुसत असेल तर ग्राहकाची जागा बदलायची. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण मुलांना ही रेघ मारणं जुनाट वाटे. त्यांना संगणकावर रंगीत चित्र हवं असे. ते चित्र छान दिसतं, पण त्यात पोलादी कपाट कुणी काढलेलं नसतं.

आणि एक गोष्ट बहुतेक वायरमनना उलटी वाटते. वाय-फायचा डबा, संगणक, दिव्यांचे इलेक्ट्रॉनिक चोक यांच्या जवळ बटण बसवलं तर काही बिघडत नाही. ग्राहक बसवला तर बिघडतं. तो किमान अर्धा मीटर दूर हवा. बोलणाऱ्याच्या शेजारी गोंगाट असला तरी त्याचा आवाज निघतोच, ऐकणाऱ्याच्या कानाशी गोंगाट असला की पंचाईत. तोंडाची काळजी नको, कान जपायचे. प्रत्यक्षात लोक ग्राहक नेमका लोखंडी वितरणपेटीत, सगळ्या तारांच्या गुंत्यात ठेवून देतात, कारण तिथे तो नीटनेटका दिसतो.

हे सगळं मला पुस्तकातून जेवढं कळलं त्याहून जास्त एका वृद्धाश्रमात कळलं. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. मूळची दगडी इमारत, तिला मागाहून जोडलेला आरसीसीचा नवा भाग. दगडी भिंतींत झिऱ्या पाडायच्या नाहीत, या विश्वस्तांच्या विचारात काहीच चूक नव्हती. एका ठेकेदाराने बिनतारी बटणं बसवली, रिकाम्या खोल्यांत दाबून दाखवली, सगळे दिवे लागले. पैसे चुकते झाले. मग खोल्यांत माणसं राहायला आली. प्रत्येक खाटेशेजारी एक पोलादी कपाट आलं. बोळाच्या तोंडाला अग्निरोधक लोखंडी दार बसलं. आणि रात्री स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळातला दिवा कधी लागे, कधी लागेना.

कधी लागे, हीच खरी अडचण. कधीच लागला नसता तर लोकांनी लगेच ओरड केली असती. मला तिथे बोलावलं तेव्हा दोन महिने झाले होते आणि रहिवाशांनी आपापले उपाय शोधले होते. बहुतेकांच्या उशाखाली टॉर्च होते. काही जण संध्याकाळनंतर पाणी पीत नसत. एक आजोबा अंधारात भिंतीला धरून जाताना पडले होते; सुदैवाने मनगटावर निभावलं होतं. ऐंशीच्या पुढच्या एक आजी मला म्हणाल्या, "अहो साहेब, दाबल्यावर लागेल याची खात्री नसेल तर त्याला बटण कशाला म्हणायचं?" मी हातातलं मोजमापाचं यंत्र खाली ठेवलं आणि आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

ग्राहक ठेवलेले होते फॉल्स सीलिंगच्या वर, तारांच्या पत्र्याच्या नळीला टेकून. त्यांच्या एरियलची नऊ सेंटिमीटरची तार त्या पत्र्यालाच समांतर वाकवलेली. बॅटरी संपायचा प्रश्न नव्हता, कारण बटणं बिनबॅटरीची होती; माल चांगला होता, जागा वाईट होती. आम्ही ग्राहक खाली, बोळाच्या मध्यावर आणले, एरियल मोकळ्या हवेत सरळ सोडली. दगडी भागातून नव्या भागात संदेश न्यायला एक पुनःप्रक्षेपक लागला. ठेकेदाराने आणखी चार आणून ठेवले होते. ते मी परत पाठवले. प्रत्येकजण ऐकलेलं पुन्हा ओरडून सांगू लागला की गोंगाटच वाढतो.

दोन बटणं तरीही हट्ट करत होती. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही बिंदूंवर त्या एकमेकींना मारतात आणि तिथे मूक जागा तयार होते. या लांबीच्या लाटेला पाव लांबी म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. बटण चार बोटं सरकवलं की काम होतं. तसंच झालं.

बिनबॅटरीच्या बटणांऐवजी जाळीची योजना केली असती तर? हाही प्रश्न विश्वस्तांनी विचारला. झिगबीसारख्या पद्धतीत प्रत्येक दिवा पुढच्या दिव्याला निरोप पोहोचवतो, पोच देतो, आणि एक वाट बंद झाली तर दुसरी शोधतो. फिलिप्सचे 'ह्यू' दिवे २०१२ साली आले ते याच जातीचे. योजना उत्तम आहे, पण ती गृहीत धरते की प्रत्येक दिव्याला सतत वीज मिळते. आपल्या घरांत झोपण्यापूर्वी मेन बटणं बंद करायची पद्धत आहे. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो दिवा निरोप्या म्हणूनही मेला, आणि त्याच्या पलीकडचे सगळे अंधारात. वृद्धाश्रमात वीज वाचवण्याबद्दल तर फारच काटेकोर असतात.

परदेशातून येणाऱ्या वस्तूंविषयीही दोन शब्द. न्यू जर्सीहून मुलगा किंवा भाचा हौसेने बटणांचा संच आणतो. तिथली झेड-वेव्हची उपकरणं ९०८ मेगाहर्ट्झवर बोलतात. आपल्याकडे तो पट्टा मोबाइल फोनचा आहे; तिथे परवान्याशिवाय बोलायला मनाई आहे. भारतात छोट्या उपकरणांना २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्टा खुला झाला आणि २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढवला. डब्यावरचा हा आकडा आधी वाचावा. उपकरण ११० व्होल्टचं आहे की २३० चं, हे पाहायला आपण शिकलो, तसंच हे.

वृद्धाश्रमात शेवटी मी दोन गोष्टी लेखी दिल्या. पहिली, जिना आणि स्वच्छतागृहाचा बोळ इथले दिवे तारेच्या बटणावर. त्यासाठी दगडी भिंतीवरून उघडी केसिंग-कॅपिंग न्यावी लागली. विश्वस्तांना ती पट्टी दिसायला आवडली नाही, पण माणूस जिथे पडू शकतो तिथे मी अजूनही तारच सुचवतो. दुसरी, उरलेल्या बटणांची चाचणी रिकाम्या नव्हे, भरलेल्या इमारतीत. त्याप्रमाणे एका रात्री जेवणं झाल्यावर सगळे आपापल्या खाटांवर, कपाटं जागेवर, लोखंडी दार लावलेलं, लिफ्ट चालू, कार्यालयातलं वाय-फाय चालू, अशा स्थितीत प्रत्येक बटण पन्नास वेळा दाबून पाहिलं. दोन मुलं दाबत होती, एक आजोबा वहीत काड्या मारत होते. रात्रीचे साडेअकरा वाजले. मग पुढच्या जुलैत, भिंती ओल्या असताना, तेच पुन्हा केलं. दोन्ही वेळच्या काड्या वहीत पुऱ्या भरल्या.

तारेच्या दिव्याखालून स्वच्छतागृहाकडे जाताना मला त्या आजी त्या वेळी पुन्हा भेटल्या. दिवा लागतो का, असं मी विचारलं. लागतो म्हणाल्या. टॉर्च मात्र हातात होता.